अठ्ठावीस उन्हाळे कोरडा राहिलेला तलाव

(धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.)

सार्वजनिक पोहण्याचा तलाव जुना झाला की गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही वास्तू आपल्या आजोबांच्या पिढीची आहे, हिची वीटही हलवू नका. दुसरा म्हणतो, गळक्या टाकीला आणि गंजलेल्या नळांना वारसा म्हणणे पुरे झाले, पाडा आणि नवे बांधा. वर्तमानपत्रे या भांडणाला ‘जतन विरुद्ध आधुनिकीकरण’ असे नाव देतात. इतिहासाची आवड असलेले आपण बहुतेक तरुण मग फारसा विचार न करता पहिल्या पक्षाच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

माझे म्हणणे असे की ही रांगच चुकीच्या दारासमोर लागली आहे. सार्वजनिक पाण्याच्या इतिहासात विटांवरून झालेला खरा वाद क्वचित सापडतो. वाद असतो तो पाण्यात कोणी उतरायचे याचा. ते उघड बोलण्याची लाज वाटू लागली की दोन्ही बाजू विटांबद्दल बोलू लागतात.

यासाठी न्यूयॉर्कमधल्या एकाच तलावाची गोष्ट सविस्तर पाहू. ब्रुकलिन भागात ग्रीनपॉइंट आणि विल्यम्सबर्ग या दोन वस्त्यांच्या सीमेवर मॅकॅरन पार्क नावाचे उद्यान आहे. तिथला तलाव १९३६ मध्ये उघडला. १९८३ चा हंगाम संपल्यावर तो बंद झाला आणि पुन्हा पाणी भरले ते २०१२ मध्ये. मधले २८ उन्हाळे तो कोरडा होता. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकाला एक टाकी दुरुस्त करायला इतकी वर्षे लागली, हे केवळ पैशाच्या टंचाईने समजत नाही.

आरंभापासून पाहू. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लक्षावधी हात रिकामे होते. रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन’ ही योजना काढली. आपल्याकडची दुष्काळी कामे किंवा रोजगार हमी आठवावी अशी ही योजना, फक्त तिच्यातून खडी फोडण्यापलीकडचे बरेच काही उभे राहिले. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया आणि उद्यान-आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी या पैशातून १९३६ च्या एकाच उन्हाळ्यात शहरभर ११ प्रचंड तलाव उघडले. मॅकॅरन हा त्यांपैकी एक. त्याचे उद्घाटन ३१ जुलैला झाले.

हे तलाव त्या काळी किती नवे होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. त्याआधी गरीब न्यूयॉर्ककर पोहायचा तो नदीत, किंवा नदीवर तरंगणाऱ्या लाकडी स्नानगृहांत. आणि त्याच नदीत शहराचा मैला सोडला जात असे. नव्या तलावांत पाणी सतत गाळले जाई, त्यात क्लोरीन घातले जाई. आत उतरण्यापूर्वी शॉवर घेणे सक्तीचे होते. रात्री पोहता यावे म्हणून पाण्याखाली दिवे बसवले होते. हिवाळ्यात कपडे बदलण्याची दालने व्यायामशाळा म्हणून वापरता यावीत, अशी रचनाच केलेली होती.

जतनवाद्यांनी येथे क्षणभर थांबावे. ज्याचे आपण जतन करू म्हणतो, ते स्वतःच एक आधुनिकीकरण होते, आणि तेही चांगलेच धडाक्याचे. १९३६ मध्ये नदीवरची जुनी लाकडी स्नानगृहे हाच आमचा वारसा आहे, असे कोणी म्हटले असते तर मॅकॅरन बांधलाच गेला नसता.

या समूहाचे प्रमुख वास्तुविशारद होते एमर एम्बरी. मॅकॅरनसाठी त्यांनी विटांची भव्य कमान योजली. अशी कमान राजवाड्याला किंवा रेल्वे स्थानकाला शोभावी. येथे ती गोदीतल्या हमालांच्या आणि कारखान्यांतल्या कामगारांच्या पोरांसाठी होती. तलावाची क्षमता ६,८०० माणसांची होती. एखाद्या मोठ्या खेड्यातली सगळी वस्ती एकाच वेळी पाण्यात, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. प्रवेशशुल्क मोठ्यांना २० सेंट आणि १४ वर्षांखालील मुलांना १० सेंट. पण आठवड्याच्या दिवशी सकाळी मुलांना काहीच द्यावे लागत नसे. माझ्या मते कमानीइतकाच हा नियमही त्या वास्तूचा भाग आहे. त्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तो वारशाच्या यादीत येत नाही.

मोझेस यांच्याविषयी एक कथा तुम्ही वाचली असेल. रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ च्या आपल्या गाजलेल्या चरित्रग्रंथात असे लिहिले की, ईस्ट हार्लेममधील तलावात कृष्णवर्णीय येऊ नयेत म्हणून मोझेस यांनी तिथले पाणी मुद्दाम थंड ठेवले. थंड पाणी गोऱ्यांना चालते, इतरांना चालत नाही, अशी त्यांची समजूत होती म्हणे. समाजमाध्यमांवर ही कथा दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. पुढच्या अभ्यासकांनी तिच्या पुराव्याबद्दल शंका घेतली आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती सिद्ध सत्य म्हणून सांगू नये. पुराव्याने पक्के असलेले वास्तव इतके कठोर आहे की त्याला अशा कथेच्या आधाराची गरजही नाही. ते वास्तव आता पाहू. त्यासाठी ब्रुकलिन थोडा वेळ सोडावे लागेल.

अमेरिकन सार्वजनिक तलावांचा इतिहास जेफ विल्ट्सी यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात मांडला. त्यातला एक निष्कर्ष प्रथम वाचताना चकित करतो. उत्तरेकडच्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी सार्वजनिक स्नानगृहे निघाली, त्यांत गरीब गोरे आणि गरीब काळे एकत्र उतरत. वेगळे ठेवले जाई ते स्त्रियांना आणि पुरुषांना. श्रीमंत तर तिकडे फिरकतच नसत. पुढे १९२० ते १९४० च्या दरम्यान तलाव सहलीचे आणि विरंगुळ्याचे ठिकाण झाले. स्त्रीपुरुष एकत्र पोहू लागले, मध्यमवर्ग आला, आणि त्याच सुमारास कृष्णवर्णीयांना बाहेर काढण्यास सुरुवात झाली. त्यांचा पुरुष गोऱ्या स्त्रीच्या शेजारी पाण्यात असावा, ही कल्पनाच गोऱ्या समाजाला सोसेना. म्हणजे ज्याला पुढे ‘पूर्वापार रीत’ म्हटले गेले, ती रीत जेमतेम एका पिढीची होती.

सेंट लुईस शहरातील फेअरग्राउंड पार्कचा तलाव १९१३ मध्ये उघडला. गोलाकार, अफाट, शहराचा अभिमान, आणि केवळ गोऱ्यांसाठी. २१ जून १९४९ रोजी तो प्रथमच सर्वांना खुला झाला. त्या दिवशी सुमारे ३० कृष्णवर्णीय मुले आत गेली. कुंपणाबाहेर गोऱ्या तरुणांचा जमाव जमला. मुलांना पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर काढावे लागले, आणि संध्याकाळपर्यंत हजारोंचा जमाव रस्त्यांवर दिसेल त्या कृष्णवर्णीयाला मारत सुटला. महापौरांनी काय केले? जमावाला आवरण्याऐवजी खुलेपणाचा निर्णय मागे घेतला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तलाव सर्वांना उघडायला लावला, तेव्हा गोरे पोहणारे आपणहून निघून गेले. १९५६ मध्ये शहराने तो बंदच केला.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने त्याहून सरळ मार्ग धरला. तिथे पाच तलाव होते, चार गोऱ्यांसाठी आणि एक कृष्णवर्णीयांसाठी. ही विभागणी घटनाबाह्य ठरल्यावर नगराने १९६३ मध्ये आपल्या मालकीचे चार तलाव बंद करून टाकले. पाचवा भाड्याने घेतलेला होता, तो मूळ मालक असलेल्या वायएमसीए या संस्थेला परत केला. तिथे गोरे पोहत राहिले. कारण काय दिले? एकत्र तलाव सुरक्षितपणे आणि काटकसरीने चालवता येणार नाहीत, हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने नगराच्या बाजूने निकाल दिला. तलाव सर्वांनाच बंद आहेत, तेव्हा कोणावर अन्याय झालेला नाही, असा त्याचा आशय होता. ‘पामर विरुद्ध थॉम्पसन’ या नावाने हा निकाल शोधून अवश्य वाचा. ‘सुरक्षितता’ आणि ‘काटकसर’ हे दोन शब्द त्यात कशाकशाची सोय करून देतात ते पाहण्यासारखे आहे.

ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी स्वतःचे क्लब काढले आणि सभासदत्वाची दारे लावून घेतली. १९७३ मध्ये मेरीलंडमधील अशाच एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘हे खासगी आहे’ ही पळवाट नाकारली. तोवर एक पिढी घराच्या मागच्या अंगणात तलाव खणून मोकळी झाली होती.

ही पार्श्वभूमी ठेवून ब्रुकलिनला परतू.

१९७० च्या दशकात ग्रीनपॉइंटमध्ये पोलिश आणि विल्यम्सबर्गच्या उत्तर भागात इटालियन वंशाचे कामगार राहत होते. विल्यम्सबर्गच्या दक्षिणेत पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे वाढत होती. ६,८०० माणसांचा तलाव एका गल्लीचा असू शकत नाही; दूरदूरच्या वस्त्यांतली मुले तिथे येत. १९७५ मध्ये शहराची तिजोरी दिवाळखोरीच्या काठावर आली. पहिली कात्री लागली ती उद्यानांना. रखवालदार कमी झाले, रंग उडाला, नळ फुटले. पडझडीच्या जागी गर्दुल्ले येतात, भांडणे होतात; तसे तिथेही झाले. १९८३ च्या हंगामानंतर तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. काम किरकोळ होते, सुमारे १ लाख डॉलरचे.

दुरुस्तीचे लोक आले तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी त्यांची वाट अडवली.

पाडायला आलेल्यांना अडवल्याच्या गोष्टी आपल्याला पाठ असतात. येथे लोक दुरुस्तीच्या आड उभे राहिले. तलाव मोडका आहे ही त्यांची तक्रार नव्हती. तो पुन्हा नीट चालू होईल याची त्यांना धास्ती होती. गोंगाट, गुन्हेगारी, अमली पदार्थ अशी कारणे सांगितली गेली, आणि त्यांच्या जोडीला ‘बाहेरची मुले’. ही बाहेरची मुले कोणत्या रंगाची होती, हे त्या भांडणात फारसे झाकून राहिले नाही.

पुढची वीस वर्षे या वादाला आपल्या ओळखीचे सभ्य रूप मिळाले. एक गट म्हणे, ही अवाढव्य वास्तू पाडा आणि वस्तीपुरता लहान, सुटसुटीत, आधुनिक तलाव बांधा. दुसरा म्हणे, कमान आणि स्नानगृह ऐतिहासिक आहेत, ते राखलेच पाहिजेत. आराखडे आले आणि गेले, अंदाजपत्रके फुगली. त्या ‘लहान, सुटसुटीत’ या शब्दांकडे नीट पाहा. तलाव लहान केला की बाहेरचे आपोआप वगळले जातात. दारावर पाटी लावावी लागत नाही, कोणाला हाकलावे लागत नाही, आणि कागदावर ते आधुनिकीकरणच असते. जॅक्सनला जे बंद करून साधले, ते येथे आकार घटवून साधता आले असते.

जतनवाद्यांना श्रेय द्यायला हवे. त्यांनी कमानीसाठी हट्ट धरला नसता, तर पहार केव्हाच पडली असती आणि मोठ्या तलावाची शक्यताही तिच्याबरोबर गेली असती. पण माझे भांडण त्यांच्याशीही आहे. २८ वर्षांत ‘भिंती शाबूत आहेत’ यावर समाधान मानणारे बरेच निघाले. वापर बंद असलेली वास्तू म्हणजे सुरक्षित वास्तू, ही समजूत वारसाप्रेमींत फार खोल रुजली आहे. कोरड्या टाकीत झाडे उगवली, भिंतींवर रंगीत अक्षरे आली, आणि त्या अवशेषांची सुंदर छायाचित्रे निघू लागली. आपल्यापैकी किती जणांच्या फोनमध्ये असे पडके वाडे, बंद गिरण्या आणि कोरडे हौद आहेत! भग्नतेचे सौंदर्य मलाही भुरळ घालते. पण ग्रीनपॉइंटमध्ये १९८४ साली जन्मलेले मूल ज्या टाकीत पोहायला शिकले असते, तीच टाकी ही. पाणी आले तेव्हा ते मूल २८ वर्षांचे झाले होते. मधल्या काळात ज्यांना गावाबाहेर समुद्रकिनारी जाणे परवडत होते ते गेले. ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या उन्हाळ्यांची नोंद कोणत्याही वारसायादीत नाही.

मग कुलूप कसे उघडले? २००५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात शहराने ग्रीनपॉइंट-विल्यम्सबर्गच्या नदीकाठावर उंच इमारतींना मुभा देणारा नवा भूवापर-आराखडा मंजूर केला. कारखान्यांच्या जागी महागड्या सदनिका येऊ लागल्या. त्याच सप्टेंबरात नोएमी लाफ्रान्स या नृत्यदिग्दर्शिकेने कोरड्या टाकीत नृत्यप्रयोग केला. पुढची तीन वर्षे तिथे संगीताचे जलसे रंगले. हजारो तरुण येत, आणि तेही बाहेरचेच होते. गोंगाट त्यांचाही होता. पण त्यांच्यासाठी दरवाजा निघाला. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या शासनाने तलावासाठी सुमारे ५ कोटी डॉलर जाहीर केले आणि त्याच वर्षी वास्तूला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. गरीब मुलांसाठी १ लाख डॉलरचे काम होऊ न देणाऱ्या परिसरात, श्रीमंत शेजारी आल्यावर त्याच्या ५०० पट खर्चाचे काम झाले. महागाईचा हिशेब धरला तरी हे गुणोत्तर झाकत नाही.

२८ जून २०१२ रोजी तलाव उघडला. कमान राखली, स्नानगृह राखले, टाकीचा काही भाग मोकळ्या जागेला दिला. नवी क्षमता आहे १,५०० माणसांची. आजचे सुरक्षेचे नियम १९३६ चे नाहीत, आणि तेव्हाची दाटी आज कोणी मान्य करू नये, हे खरेच. तरीही ६,८०० आणि १,५०० हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत असे मला वाटते. स्मारकाचा दर्जा कमानीला होता. क्षमतेला तसा दर्जा देण्याची पद्धतच नाही.

उघडल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच तिथे मारामाऱ्या झाल्या. पाण्यात उलट्या कोलांट्या मारणाऱ्या तरुणांना हटकल्यावरून जीवरक्षकावर हात उचलला गेला, पोलिसांशीही झटापट झाली. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले आणि जुन्या विरोधकांनी ‘आम्ही सांगितलेच होते’ असे म्हणायची संधी सोडली नाही.

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, आणि तो घेणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा असतो असे मी म्हणणार नाही. गर्दीच्या पाण्यात बुडण्याची भीती खरी असते. टवाळखोर पोरांचा त्रास मुलींना आणि वृद्धांना सर्वांत आधी होतो, हे तलावावर गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पण रस्त्यावर अपघात झाला म्हणून आपण रस्ता २८ वर्षे बंद ठेवत नाही. हवालदार उभा करतो, गतिरोधक घालतो. २०१२ मध्ये शहराने तेच केले, पहारा वाढवला. तलाव चालू राहिला. हाच पहारा १९८४ मध्येही वाढवता आला असता. सुरक्षिततेचा प्रश्न तेव्हाही होता आणि त्याचे उत्तरही होते. ते वापरायचे की नाही, हे पोहणारे कोण यावर ठरले.

इथवर वाचताना मराठी वाचकाला महाड आठवले नसेल, तर आपल्या शालेय पुस्तकांनी त्या लढ्याची फक्त तारीख आपल्याला दिली असे म्हणावे लागेल. चवदार तळे पोहण्याचा तलाव नव्हते, पिण्याच्या पाण्याचे होते, आणि तहान व विरंगुळा यांत अंतर आहे. ते अंतर मी पुसत नाही. पण सार्वजनिक पाणी बंद ठेवण्याच्या युक्त्या आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या आहेत.

क्रम पाहा. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला: सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकही अस्पृश्य पाण्याला शिवू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला जमलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मांडवावर हल्ला झाला. सेंट लुईसमध्ये २२ वर्षांनी जे व्हायचे होते, ते महाडच्या रस्त्यांवर आधीच होऊन गेले होते. मग सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. हीदेखील एक दुरुस्तीच होती, आणि ती मात्र कोणी अडवली नाही. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सेंट लुईसच्या महापौरांनी पुढे केले ते नेमके हेच.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरण्यापूर्वी न्यायालयातून मनाई हुकूम आला. वादींचे दोन युक्तिवाद होते. तळे सार्वजनिक नसून खासगी आहे, हा एक; अस्पृश्यांनी तिथले पाणी न घेण्याची रूढी पुरातन आहे, हा दुसरा. मेरीलंडचा क्लब आणि ‘पूर्वापार रीत’, दोन्ही येथे हजर आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी वादींचे अपील फेटाळले. अशी रूढी अनादिकाळापासून चालत आल्याचे त्यांना सिद्ध करता आले नव्हते. प्राशनापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

महाड आणि ब्रुकलिन एकाच तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. जातिव्यवस्था आणि अमेरिकन वंशभेद यांच्यातली तुलना काळजीपूर्वक करावी लागते. एका धाग्यात ती उरकणे हा दोन्हींचा अपमान ठरेल. माझा मुद्दा मर्यादित आहे. ठराव, दुरुस्ती, शुद्धीकरण, सुरक्षितता, रूढी, मालकी, वारसा, आधुनिकता हे सगळे शब्द पाण्याच्या काठावर आले की त्यांचा अर्थ त्या त्या काठावरच तपासावा लागतो. महाडला रूढीचे जतन हेच कुलूप होते आणि नगरपालिकेचा नवा ठराव ही किल्ली. ग्रीनपॉइंटला लहान आधुनिक तलावाचा प्रस्ताव कुलूप होता आणि जुनी कमान बऱ्याच अंशी किल्ली ठरली. म्हणून ‘मी जतनवादी’ किंवा ‘मी आधुनिकतावादी’ अशी कायमची पाटी गळ्यात घालून हिंडणाऱ्यांचे मला नवल वाटते.

तेव्हा तुमच्या गावच्या नगरपालिकेच्या तलावावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली आणि वाद सुरू झाला, तर नव्या इमारतीचे रंगीत संकल्पचित्र जरा बाजूला ठेवा. जुन्या दगडी पायऱ्यांची छायाचित्रेही ठेवा. सभेचे इतिवृत्त मागा. आत्ताचे तिकीट किती आणि नंतरचे किती असणार? महिन्याचा पास आहे की वर्षभराचे सभासदत्व, आणि ते घ्यायला कोणाची शिफारस लागते? सकाळची सोयीची वेळ कोणाला, भर दुपार कोणाला? महानगरपालिकेच्या शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवण्याचा वर्ग होता तो राहणार का? चालवायला ठेकेदार येणार असेल तर दर ठरवण्याचा अधिकार कोणाकडे? आणि पाटीवर तारीख आहे का? तारीख नसलेली ‘तात्पुरती’ बंदी दिसली की जॅक्सनची आठवण ठेवावी. दोन्ही पक्षांचे आवेशपूर्ण लेख वाचण्याआधी ही उत्तरे वाचली, तर लेखांतले निम्मे शब्द कशासाठी आहेत ते आपोआप कळते.

मॅकॅरनला आज प्रवेशशुल्क नाही. १९३६ चे १० आणि २० सेंटही गेले. शहराचे सगळे उघडे तलाव उन्हाळाभर विनामूल्य असतात. नियम मात्र पुष्कळ आहेत. पोहण्याचा पोशाख हवा, खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, आणि कपडे ठेवायच्या कपाटासाठी कुलूप ज्याचे त्याने घरून आणावे लागते.